शोपँच्या काळातले विसरले गेलेले पियानो एट्यूड कुठे आणि कसे शोधायचे?

तुम्ही विचारलंय की एकोणिसाव्या शतकातल्या शोपँ आणि लिस्ट यांचे एट्यूड (एकेका तंत्राच्या सरावासाठी रचलेल्या पियानोच्या कृती) वाजवून झाल्यावर त्यांच्याच काळातल्या, आज फारसं कुणाला माहीत नसलेल्या संगीतकारांचे एट्यूड मिळवायचे कसे. आणि मुळात नावच ठाऊक नसेल तर शोधायचं काय. प्रश्नाचा दुसरा भाग जास्त अवघड आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नावं शोपँच्याच पानांवर सापडतात. त्याचे 24 प्रेल्यूड (छोट्या स्वतंत्र कृती), ओपस 28 (ओपस म्हणजे छापताना कृतीला दिलेला क्रमांक), घ्या. 1839 साली पॅरिसला निघालेल्या आवृत्तीवर अर्पण आहे कामीय प्लेयेलला, म्हणजे पियानो बनवणाऱ्या प्लेयेलला. लाइपझिगला ब्राइटकोप्फ या प्रकाशकाने काढलेल्या आवृत्तीवर मात्र अर्पण आहे जे. सी. केसलरला. फ्रेंच आवृत्तीवरून वाजवणाऱ्याच्या नजरेला केसलर कधी पडणारच नाही. मी जर्मन आवृत्तीचं मुखपृष्ठ पाहिलं आणि हा कोण, म्हणून त्याच्या मागे लागले. तर वॉर्सात याच्या घरी दर शुक्रवारी संगीताची बैठक भरायची आणि तरुण शोपँ तिथे जायचा. याचे स्वतःचे 24 एट्यूड आहेत, ओपस 20, आणि ते शोपँच्या ओपस 10 च्या आधीचे आहेत. ते वाजवताना शोपँच्या कानावर काय पडलं असेल हे बोटांना कळतं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं, अजूनही वाटतं.

दुसरा धागाही शोपँकडूनच निघतो. त्याचे ‘तीन नवे एट्यूड’ सगळ्यांना माहीत असतात, पण ते लिहिले गेले फेतिस आणि मोशेलेस यांनी 1840 साली काढलेल्या पियानोशिक्षणाच्या एका मोठ्या ग्रंथासाठी. त्या ग्रंथासाठी इतरही अनेकांकडून एट्यूड मागवले होते: हेन्झेल्ट, थालबेर्ग, डोलर, टाउबर्ट, स्टीफन हेलर, एडवर्ड वोल्फ, रोझनहाइन. त्या काळात कोण नावाजलेलं होतं याची ही समकालीनांनीच केलेली यादी. यातल्या बहुतेकांनी बारा-बारा, चोवीस-चोवीस एट्यूडचे संच लिहिलेत. तिसरा धागा संगीतकार आणि समीक्षक शूमानचा. लाइपझिगच्या आपल्या नियतकालिकात त्याने 1836 साली तोवरच्या एट्यूडची तांत्रिक हेतूंनुसार वर्गवारी केली होती. ते जुने अंक आज स्कॅन होऊन उपलब्ध आहेत, आणि जर्मन येत नसलं तरी नावं वाचता येतातच.

नाव मिळालं की मी आधी नोटेशन शोधत नाही, होफमाइस्टरची सूची उघडते. लाइपझिगचा हा प्रकाशक दर महिन्याला, बाजारात आलेल्या नव्या छापील संगीताची यादी काढायचा. 1829 ते 1900 पर्यंतच्या याद्या लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेने ऑनलाइन शोधता येतील अशा केल्या आहेत. शीर्षक, ओपस, प्रकाशक, गाव, किंमत, सगळं मिळतं. पॅरिसला छापलेली कृती बऱ्याचदा जर्मनीतही निघायची, त्यामुळे फ्रेंच संगीतकारही इथे सापडतात. त्यानंतर आयएमएसएलपी (हक्कमुक्त नोटेशनचं ऑनलाइन ग्रंथालय), तिथे नसेल तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह गॅलिका, आणि तरीही नाही तर कार्ल्सरूहची एकत्रित सूची, जिच्यात अनेक देशांतल्या ग्रंथालयांत एकदमच शोध घेता येतो. प्रत कुठे आहे ते कळलं की बरीच युरोपीय ग्रंथालयं पैसे घेऊन स्कॅन पाठवतात.

इथे माझी एक चूक सांगते. मी एका ग्रंथालयाला नुसता संगीतकार आणि ओपस क्रमांक कळवला. दीड महिन्याने आली ती गाणी, एट्यूड नव्हेत. एकाच संगीतकाराचा एकच ओपस क्रमांक दोन गावांतल्या दोन प्रकाशकांनी वेगवेगळ्या कृतींना दिलेला होता. तेव्हापासून मी पूर्ण शीर्षक, प्रकाशक, पहिल्या एट्यूडची पट्टी आणि मिळाला तर प्लेट नंबर, असं सगळं कळवते. हा प्लेट नंबर फार कामाचा. तेव्हा संगीत धातूच्या पत्र्यावर कोरून छापत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तोच एक क्रमांक असे. मुखपृष्ठ फाटून गेलेलं असलं तरी त्यावरून प्रकाशक ओळखता येतो आणि साल साधारण ठरवता येतं.

ओपस क्रमांकावरून काळ ठरवायला जाऊ नका. फ्रेंच संगीतकार आल्कांचे ‘तीन भव्य एट्यूड’ (एक फक्त डाव्या हाताचा, एक फक्त उजव्या, एक दोन्ही हातांचा) ओपस 76 म्हणून ओळखले जातात, म्हणजे उतारवयातले वाटतात. प्रत्यक्षात ते 1838 च्या आसपासचे आहेत आणि पहिल्यांदा ओपस क्रमांकाशिवायच छापले गेले. नावांचंही तेच. आल्कांचं जन्मनाव मोरांज. त्याचा धाकटा भाऊ नेपोलियन हाही संगीतकार, म्हणून मुखपृष्ठांवर ‘आल्कां थोरले’ असं छापलेलं आढळतं. केसलरचं मूळ आडनाव कोत्झलर. मारिया शिमानोव्स्काचे 20 ‘अभ्यास आणि प्रेल्यूड’ (1820 च्या सुमाराचे) शोधायला गेलात की हमखास शंभर वर्षांनंतरचा कारोल शिमानोव्स्की पुढे येतो, आणि त्यानेही एट्यूड लिहिलेले असल्यामुळे घोळ वाढतो. म्हणून शोधताना जन्मवर्षही टाका, तिचं 1789.

हक्कांची काळजी नको. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कृती मुक्त होते आणि ही मंडळी कधीच त्यापलीकडे गेली आहेत. नव्या संपादित आवृत्त्या मात्र विकतच घ्या, त्यामागे कुणाची तरी वर्षांची मेहनत असते.

हाती आलेलं पान लगेच वाजवायला घेऊ नका. लंडनच्या जुन्या छपाईत अंगठ्याला अधिकचं चिन्ह असतं आणि पुढच्या बोटांना 1 ते 4. म्हणजे तिथला 1 हा आपला 2. हे माहीत नसेल तर सगळं फिंगरिंग, म्हणजे कोणता स्वर कोणत्या बोटाने हे, वेडंवाकडं वाटतं. हेन्झेल्टबाबत तर कळकळीने सांगते: तो हात ताणण्याचा रियाज तासन्‌तास करायचा आणि त्याच्या ओपस 2 मधले विस्तार त्याच्या हाताला बेतलेले आहेत. आपला हात लहान असेल तर स्वर सरळ तोडून, एकामागून एक वाजवा. मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा.

मग सुरुवात कोणापासून? मी म्हणेन लुईझ फारांक, ओपस 26. सगळ्या मेजर-मायनर पट्ट्यांमधले 30 एट्यूड, जे 1845 साली पॅरिसच्या कॉन्झर्व्हातोआरने, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयाने, अभ्यासक्रमात घेतले होते. ती स्वतः तिथे 1842 पासून तीस वर्षं पियानो शिकवत होती. आपल्याकडे पलटे वेगळे आणि बंदिश वेगळी. फारांककडे पलट्याचीच बंदिश झालेली दिसते, आणि तीही अवाजवी अवघड नाही.

तिच्यानंतर मागे जा, एलेन द मोंजेरूकडे. जन्म 1764, म्हणजे बेथोवनहूनही सहा वर्षांनी मोठी. तिच्या पियानो-अभ्यासक्रमात 114 एट्यूड आहेत, आणि त्यातले काही ऐकताना मेंडेल्सोहनची आठवण येते; मेंडेल्सोहन तेव्हा लहान मूल होता. क्लेअर हॅमंडने त्यातले 29 ध्वनिमुद्रित केले आहेत, आधी ते ऐका.

आल्कांचे ओपस 35 आणि 39 शेवटी ठेवा. 39 मधले आठ ते दहा क्रमांकाचे तीन एट्यूड मिळून एकट्या पियानोसाठी अख्खा कॉन्चेर्टो (एरवी एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवतात ती कृती) होतो आणि त्याचा पहिला भागच जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे. वाजवता नाही आला तरी नोटेशन समोर ठेवून मार्क-आंद्रे आमलँचं ध्वनिमुद्रण लावा. ऑर्केस्ट्रा कुठे थांबतो आणि पियानो कुठे सुरू होतो, हे आल्कांने दोनच हातांत कसं दाखवलंय ते पानावर दिसतं.