मलिद्याचं ताट आणि तुझा प्रश्न

बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानायची छोटी प्रार्थना, सगळेच ज्यू म्हणतात, मग आपल्याकडेच मलिद्याचं, पोह्यांचं ताट कशाला? हे हिंदूंकडून उचललंय ना?" मी विषय बदलला, पण रात्री झोप नाही लागली. १९६४ साली आपल्या बेने इस्रायल लोकांना, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंना, जेरुसलेममध्ये निदर्शनं करावी लागली होती, आम्ही पुरते ज्यू आहोत हे पटवून द्यायला. त्यामुळे घरातूनच असा प्रश्न आला की जरा लागतं रे.

उचललं असेलही. रेवदंड्याला शेजारी सत्यनारायणाचा शिरा यायचा, दर्ग्यात पण मलिदा असायचा, कोणी कोणाचं काय घेतलं देव जाणे.

मला आठवतात ते आजोबा. पोहे भिजवून त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम-काजू, बाजूने फळं रचलेली, एक गुलाब, सब्जाच्या काड्या, आणि आम्ही पोरं तोंडाला पाणी सुटलेलं तरी हात मागे बांधून, कारण आधी 'एलियाहू हन्नाबी', म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं, गाऊन व्हायचं, मग एकेका जिनसेची ब्राखा, आमेन, आणि मगच तोंडात. खजुराला हाएत्स, म्हणजे झाडावरचं, पोह्यांना मेझोनोत, म्हणजे धान्याची, गुलाबाची ब्राखा नुसता वास घ्यायची. आणि केळ्याला हाअदामा, म्हणजे जमिनीतलं! इथे तुझ्या वर्गात यावर गोंधळ झालेला ना? आम्हाला कधी पडला नाही, विहिरीमागे केळीच होत्या, एक घड दिला की आजोबा कोयत्याने ती केळ आडवी करायचे, पुढच्या वर्षी त्याच खोडाला फळ नाही, मग झाड कसलं ते.

'तू बिशवत' या झाडांच्या सणाला तर आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा उरूसच असायचा, अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावरच्या त्याच्या रथाच्या खुणा बघायला जायचो. खुणा खऱ्या का? मला लहानपणी दिसायच्या, एवढंच सांगते.

बाकी तुझ्याइतकं मला येत नाही हे कबूल. संडासातून आल्यावरची पण ब्राखा असते हे तू शाळेतून शिकून आलास तेव्हा मी कितीतरी वेळ हसत होते. आमच्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो) हिब्रू पाठ असायची, अर्थ किती जणांना कळायचा कोण जाणे. तरी माझ्या आजीने न पुटपुटता फळाचा तुकडा तोंडात टाकलेला मी बघितला नाही.

जबरदस्ती नाहीये. पण सैन्यात जायच्या आधी मलिदा करायचा हे तुझ्या बाबांच्या वेळेपासून चालत आलंय आणि मला बरं वाटतं, दुसरं कारण नाही माझ्याकडे. मित्रांसमोर अवघड वाटत असेल तर त्यांना नको बोलावूस, घरचेच बसू. गुरुवारी संध्याकाळी ठेवलाय, किती जण ते बुधवारपर्यंत कळव, पोहे त्या हिशोबाने भिजवते.

आई