संघर्षग्रस्त भागांत स्थैर्य आणण्यासाठी तज्ज्ञ सल्लागार कसे नेमतात? त्यांच्यावरचा खर्च वाया जातो का?

नेमण्याची पद्धत सांगायला सोपी आहे, खर्चाचं उत्तर तितकं सरळ नाही. अशा नेमणुकांच्या निवड समित्यांवर मी काम केलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

लढाई थांबली की, बऱ्याचदा थांबण्याआधीच, पाणी, वीज, पोलिस ठाणी, न्यायालयं पुन्हा चालू करायची असतात. तेव्हा जाहिरात काढून माणूस शोधत बसलं तर महिने जातात. म्हणून आधीच पारखून ठेवलेल्या तज्ज्ञांची यादी, म्हणजे रोस्टर, तयार ठेवतात. जर्मनीने त्यासाठी 2002 मध्ये बर्लिनला ‘झिफ’ ही संस्था काढली. ब्रिटनने 2004 मध्ये परराष्ट्र, संरक्षण आणि विकास या तीन खात्यांचा मिळून एक कक्ष उभा केला. 2007 पासून तो ‘स्टॅबिलायझेशन युनिट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. युरोपीय संघाच्या नागरी मोहिमांत बरेच जण प्रतिनियुक्तीवर येतात आणि त्यांचा पगार त्यांचं सरकार देतं, बाकीचे कंत्राटी. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत पोलिस अधिकारी म्हणून जायचं तर परस्पर अर्ज चालत नाही, सरकारनेच नाव पुढे करावं लागतं. निवडीनंतर वैद्यकीय तपासणी, विमा आणि धोक्याच्या भागात वावरण्याचं प्रशिक्षण होतं: नाक्यावर गाडी अडवली तर हात कुठे ठेवायचे, रक्तस्राव कसा थांबवायचा, वगैरे.

विषयाचं ज्ञान अर्जावरून कळतंच. मुलाखतीत मी हटकून विचारायचो, ‘तुमचा सल्ला खात्याच्या सचिवांनी शांतपणे ऐकून घेतला आणि नेमकं उलटं केलं, तर?’ ‘वरपर्यंत तक्रार नेईन’ म्हणणारा तिथेच मागे पडायचा. ‘त्यांना तसं का करावं लागलं ते आधी समजून घेईन’ म्हणणारा आम्हाला हवा असायचा. सल्लागाराच्या हातात ना सहीचा अधिकार, ना निधी. त्याचं ऐकावंसं वाटलं पाहिजे, एवढंच त्याचं भांडवल.

खरा घोळ मात्र त्याआधीच, कामाचं स्वरूप लिहिताना होतो. ‘मंत्रालयाची क्षमतावृद्धी करणे’ असं मोघम लिहायचं आणि ज्याला शिकवायचं त्या स्थानिक अधिकाऱ्याचं पदच रिकामं! त्यात मुदत तोकडी. माणसं ओळखीची होतात तोवर परतीची वेळ येते. अफगाणिस्तानातल्या पुनर्बांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘सिगार’ या यंत्रणेने 2018 च्या अहवालात माणसांच्या सततच्या अदलाबदलीवर बोट ठेवलं होतं. उलट इराकमध्ये 2015 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने स्थैर्यासाठी निधी उभारला, तेव्हा दुरुस्तीचा प्राधान्यक्रम स्थानिक प्रशासनाशी बोलून ठरायचा आणि कामं मुख्यतः तिथल्याच कंत्राटदारांकडे जायची. बाहेरच्या तज्ज्ञाने अशा कामात मागे उभं राहायचं असतं, हे सगळ्यांना पचत नाही.

आता खर्च. पगारापेक्षा चिलखती गाडी, अंगरक्षक आणि राहण्याची सुरक्षित जागा यांचंच बिल मोठं होऊ शकतं. म्हणून पाणीपुरवठा किंवा लेखापालनासाठी तिथलाच अनुभवी माणूस मिळत असेल तर बाहेरचा आणू नये, असं माझं मत आहे. पोलिस भरतीतली छाननी, युद्धगुन्ह्यांचा तपास, दोन गटांतला जमिनीचा वाद, इथे मात्र स्थानिक माणसावर किंवा त्याच्या घरच्यांवर दबाव येऊ शकतो. तिथे बाहेरच्या सल्लागारावर पैसे खर्च करायला माझी हरकत नसते.