पॅनेलचे स्क्रू आवळताना डोक्याभोवतीचा रंग निघू नये यासाठी काय करावे?

झाकणाच्या प्रत्येक स्क्रूभोवती रंगाचे कडे निघते आणि पावसाळ्यानंतर नेमका तिथेच गंज धरतो, तेव्हा दोष रंगाचा की आवळण्याचा, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल, म्हणजे विजेची नियंत्रणे बसवलेल्या पत्र्याच्या पेट्या, जोडतो. आमची बरीच पॅनेल पंचगंगेकाठच्या पंपघरांत बसतात. माझ्या पाहण्यात दोष बहुधा आवळण्याचाच असतो.

पावडर कोटिंगचा, म्हणजे पत्र्यावर पूड उडवून भट्टीत भाजलेल्या रंगाचा, थर साधारण 60 ते 80 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या पानाइतका असतो. स्क्रू टेकला की डोक्याची कड त्या थरावर दाब देत फिरते आणि शेवटच्या पाव फेरीत रंग पिळवटून सुटतो. म्हणून डोके रंगावर फिरूच देऊ नये. खाली प्लेन वॉशर (सपाट चकती) घालावा. वॉशरवरून बोट फिरवून पाहा. प्रेसमध्ये कापलेल्या वॉशरची एक कड गुळगुळीत आणि दुसरी धारदार लागते. गुळगुळीत बाजू रंगाकडे ठेवावी. स्प्रिंग वॉशर हवाच असेल तर तो प्लेन वॉशरच्या वर घालावा, कारण त्याचे कापलेले टोक थेट रंगात रुतते. नायलॉनचा वॉशर रंग उत्तम जपतो, मात्र तो वीज वाहू देत नाही. त्यामुळे अर्थिंगच्या जागी तो चालणार नाही. तिथे कोटिंगपूर्वीच मास्किंग करून, म्हणजे ती जागा झाकून, पत्रा उघडा ठेवावा लागतो, आणि दाराला अर्थिंगची वेगळी वायर द्यावी लागते.

आट्यांत पावडर साचली असेल तर स्क्रू जड जातो, माणूस जोर लावतो आणि डिसमिस घसरून लांब ओरखडा उठतो. आधी टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे साफ करावेत. एम 4 च्या (4 मिमी व्यासाच्या) फिलिप्स, म्हणजे अधिक चिन्हासारख्या खाचेच्या, स्क्रूला दोन नंबरचा, न झिजलेला बिट वापरावा. पहिले दोन-तीन आटे हातानेच धरावेत. बॅटरीच्या मशीनचा क्लच (ठरावीक जोरानंतर आवळणे थांबवणारी कडी) सर्वांत कमी आकड्यावर ठेवून तेथून हळूहळू वाढवावा. मी सुरुवातीला एक कोपरा पूर्ण आवळूनच पुढे जात असे. मग उरलेली भोके जुळवताना झाकण सरकवावे लागे आणि रंग खरवडला जाई. आता सगळे स्क्रू आधी सैल बसवतो, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांनी आवळत जातो.

एवढे करूनही पत्रा उघडा पडलाच, तर सुटलेला पोपडा बारीक पॉलिश पेपरने काढून, प्राइमर लावून त्याच छटेचा, उदाहरणार्थ आरएएल 7035 या फिकट राखाडी छटेचा, टचअप रंग त्याच दिवशी लावावा. गंज एकदा थराखाली शिरला की तो वरच्या रंगाने थांबत नाही.