प्रेमावरची पहिली शॉर्टफिल्म करतोयस?

पटकथा वाचली. 12 पानं, म्हणजे पडद्यावर साधारण 12 मिनिटं, आणि त्यात ओळख, ब्रेकअप, पावसातली भेट, माफी सगळं कोंबलंयस. ऑस्करच्या नियमात शॉर्टफिल्म 40 मिनिटांपर्यंत चालते हे खरं, पण तुझ्याकडे जीव आहे तो स्वयंपाकघरातल्या प्रसंगात. ती डबा भरतेय, तो मोबाइलमधून मान वर न काढता "आज नको" म्हणतो, ती झाकण उघडून पोळ्या परत काढून ठेवते. एवढीच फिल्म कर. पुढचं "तू बदललास" वगैरे बिनधास्त काप.

जवळिकीचा प्रसंग ठेवलासच, तर त्याचं "सेटवर बघू" अजिबात नको. हात कुठे लागेल, कुठे नाही, फ्रेममध्ये काय दिसेल, हे दोघांशी आधी बोलून लिहून ठेव. तालीम पूर्ण कपड्यांत. शूटच्या वेळी खोलीत गरजेपुरतीच माणसं, बाकीचे बाहेर, आणि बाहेर शॉट दाखवणारा मॉनिटरही नको. ऐनवेळी कुणी नाही म्हणालं तर शॉट बदलायचा, समजावत बसायचं नाही. यासाठी आता इंटिमसी कोऑर्डिनेटर असतात. परवडत असेल तर घेच.

आणि आवाज! कुजबुज टिपायची तर पंखा, फ्रीज बंद. (गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेव, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाहीस.) रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाजही रेकॉर्ड कर, एडिटला लागतो. सिनेमातलं गाजलेलं गाणं मात्र लावू नकोस. हक्क नसतील तर महोत्सवात अडकशील.