मजकुराला वळण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या संस्थेचे संकेतस्थळ बऱ्याच वर्षांपासून एका सीएमएसवर (मजकूर साठवून प्रकाशित करणाऱ्या प्रणालीवर) चालते. ‘इंटेलिजंट’ आणि ‘अडॅप्टिव्ह’ कंटेंटसाठी आता नवी प्रणाली घ्यावी, असा विक्रेत्यांचा आग्रह आहे. यात खरोखर नवे काही आहे, की जुन्याच वस्तूला नवे नाव दिले आहे?

उत्तर : नवे निश्चित आहे, मात्र ते विकत मिळणाऱ्या प्रणालीत जेवढे आहे, त्याहून कितीतरी अधिक आपण मजकूर कसा लिहितो आणि कसा साठवतो यात आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये लोकांसमोर आले, तेव्हा प्रत्येक पान ही एक स्वतंत्र फाइल होती आणि एक ओळ बदलायची तरी ती फाइल उघडून हाताने बदलावी लागे. ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) यांसारख्या सीएमएसमुळे मजकूर डेटाबेसमध्ये गेला, दिसण्याची जबाबदारी टेम्प्लेटने, म्हणजे पानाच्या ठरीव साच्याने, घेतली आणि कोड न येणाऱ्या माणसालाही प्रकाशन करता येऊ लागले. हा मोठाच बदल होता, पण विचार अजूनही ‘पानाचा’ होता. पडद्यावर एक मोठी चौकट मिळे आणि बातमी, नियम, पत्ता, इशारा असे सगळे तिच्यात एकत्र ओतले जाई. वाचकाच्या डोळ्यांना ठळक अक्षरांतली ओळ मथळा वाटे. यंत्राच्या लेखी ती फक्त जाड अक्षरे होती. वर्डप्रेसने २०१८ मध्ये ब्लॉकवर आधारलेला संपादक आणला, तरी परिच्छेद, चित्र, यादी हे त्यातले मूळ ब्लॉक मांडणीचे आहेत. यातला इशारा कोणता आणि नियम कोणता, हे ते सांगत नाहीत.

मजकुराच्या प्रत्येक भागाला त्याच्या अर्थावरून नाव द्यावे, हा ‘इंटेलिजंट’ कंटेंटचा गाभा; ही कल्पना संकेतस्थळांहून जुनी आहे. आयबीएममध्ये १९६९ च्या सुमारास जीएमएल या खुणांच्या भाषेवर काम सुरू झाले, त्यातूनच १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि १९९८ मध्ये एक्सएमएल. अमेरिकेतील एनपीआर या सार्वजनिक रेडिओ संस्थेने २००९ मध्ये ‘एकदा तयार करा, सर्वत्र प्रकाशित करा’ ही आपली पद्धत जाहीरपणे मांडली. आज ‘हेडलेस सीएमएस’ म्हणून जे मिळते, ते याच वाटेवरचे आहे : मजकूर एका जागी राहतो, आणि तो फोनवर, घड्याळावर की आवाजातून पोचवायचा, हे एपीआयच्या (दोन प्रणालींना जोडणाऱ्या दुव्याच्या) पलीकडची बाजू ठरवते.

प्रश्न : फोनवर संकेतस्थळ नीट दिसते, म्हणजे ते ‘अडॅप्टिव्ह’ झालेच ना?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचना मांडली. तिच्यात पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलते, मजकूर मात्र शब्दशः तोच राहतो. परिस्थितीप्रमाणे मजकुराचा योग्य तेवढाच भाग, योग्य रूपात पुढे यावा, हे ‘अडॅप्टिव्ह’मध्ये अपेक्षित आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी वाचकाची खासगी माहिती गोळा करावी लागते असे नाही. त्याच्या हातात कोणते साधन आहे, त्याने काय विचारले आहे, एवढ्यावरही पुष्कळ साधते.

घरी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका घ्या. तिच्यातला ‘पट्टा दंडावर हृदयाच्या पातळीला येईल असा बांधावा’ हा भाग स्वतंत्र तुकडा म्हणून साठवला आणि त्यावर तो ‘सूचना’ प्रकारचा आहे, घरी वापरणाऱ्यासाठी आहे, यंत्राच्या अमुक मॉडेलांना लागू आहे आणि अमुक दिवशी तपासलेला आहे, अशा खुणा लावल्या, तर तोच तुकडा छापील पुस्तिकेत, फोनच्या पडद्यावर आणि बोलणाऱ्या सहायकाच्या उत्तरातही वापरता येतो. अशाच एका कामात मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आम्ही पुस्तिकेचे तुकडे केले, खुणा लावल्या, आणि आवाजातून उत्तर मागितले तेव्हा ऐकू आले : ‘वरील खबरदारी घेऊन पट्टा बांधावा.’ वरील खबरदारी, म्हणजे पाच मिनिटे शांत बसणे आणि पाठीला आधार घेणे, मागच्या तुकड्यात राहून गेली होती. ऐकणाऱ्यासाठी ‘वर’ काहीच नव्हते. त्यानंतर ‘वरीलप्रमाणे’, ‘खालील तक्त्यात’, ‘आधी सांगितल्यानुसार’ हे शब्द शोधून काढून प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा राहील असा पुन्हा लिहिण्यात आमचा सर्वाधिक वेळ गेला, आणि माझ्या मते तोच वेळ सर्वांत सत्कारणी लागला.

प्रश्न : आता एआयची भाषा-मॉडेले कोणताही मजकूर वाचून उत्तर देतात. मग खुणा लावण्याचे कष्ट कशासाठी?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संस्थेच्या कागदपत्रांवरून उत्तर देणारी बहुतेक साधने आधी कागदपत्रांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या रांगेत बदलून ठेवतात, आणि प्रश्नाशी अर्थाने जवळचे तुकडे शोधून मॉडेलपुढे ठेवतात. हा शोध अर्थाची जवळीक मोजतो. तुकडा आजही लागू आहे का, हे मोजत नाही. रजेचा जुना नियम आणि सुधारित नियम यांत फक्त दिवसांचा आकडा वेगळा असेल, तर दोन्ही तुकडे प्रश्नाच्या जवळपास सारखेच जवळ येतात आणि रद्द झालेला नियम अत्यंत सफाईदार भाषेत कर्मचाऱ्याच्या हाती पडू शकतो. ‘लागू दिनांक’, ‘रद्द दिनांक’ आणि ‘जबाबदार विभाग’ या तीन खुणा असल्या, तर जुना तुकडा शोधाआधीच बाजूला काढता येतो. मॉडेलचा उपयोग मी नाकारत नाही. हजारो तुकड्यांना खुणा सुचवणे, सारांशाचा पहिला खर्डा करणे, एकच गोष्ट दोन ठिकाणी वेगळी लिहिली गेली असेल तर दाखवून देणे, ही कामे त्याच्याकडून जरूर घ्यावीत. त्याने सुचवलेली खूण पक्की करणारा माणूस मात्र विषय जाणणारा असावा, आणि त्याचे नाव त्या तुकड्याशी जोडलेले असावे.

प्रश्न : आमच्याकडे हजारो जुनी पाने आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सगळी पाने नव्या प्रणालीत हलवण्यापासून तर मुळीच नको. जो मजकूर सर्वाधिक ठिकाणी नकलून ठेवलेला आहे, तो आधी हुडकून काढा. बहुधा ती संपर्काची माहिती, एखादी सुरक्षासूचना किंवा शुल्काचा नियम असतो. त्याची एकच प्रत ठेवा, बाकीच्या सर्व जागी तीच ओढून घेतली जाईल अशी व्यवस्था करा, आणि ती प्रत बदलण्याचा अधिकार कोणाला आहे हे लेखी ठरवा. एवढे काम बहुतेक वेळा आपल्या आहे त्याच सीएमएसमध्ये होते. ते करताना प्रणाली कोठे अपुरी पडते, याची नोंद ठेवा, आणि विक्रेत्याशी पुढची बोलणी त्या नोंदी समोर ठेवून करा.