वाचकांचे प्रश्न : चढाला दम टाकणारा ट्रक

प्रश्न : माझा २००२ सालचा सहा चाकी ट्रक आहे. सहा सिलिंडर, टर्बो नाही, इनलाइन पंप, २४ व्होल्ट. हंगामात कारखान्याला ऊस ओढतो, एरवी बेळगावहून गोव्याला भाजी. सपाटीला गाडी छान पळते. पण ऊस भरून तवंदीचा घाट चढताना, नाहीतर परतीचा माल घेऊन अनमोड चढताना, मध्येच दम टाकते. पाय उचलला, दोन मिनिटं थांबलो की पुन्हा चालते. एका मिस्त्रीने सांगितलं, फीड पंप काढ आणि इलेक्ट्रिक पंप बसव. दुकानात दोन पंप दाखवले. एक चौकोनी, टकटक वाजणारा. दुसरा लांबट, चकचकीत, पेट्रोल कारचा, १२ व्होल्टचा, ‘प्रेशर भारी’ म्हणे. भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतले पंप दाखवले, तासाला ९५ गॅलनवाले. कोणता घेऊ?
– एक ट्रकमालक, निपाणी तालुका

उत्तर : सध्या कोणताच घेऊ नका. आधी दोन मीटर पारदर्शक पाइप आणि दहा लिटरचा एक कॅन घ्या.

डिझेल पंप तपासून दुरुस्त करणाऱ्या पंपरूममध्ये, बेंचवर बसून मी छत्तीस वर्षं काढली. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांचा हिशेब ठेवलेला नाही, पण बहुतेक वेळा पंप निर्दोषच निघायचा. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कुठेतरी हवा शिरत असायची, नाहीतर वाट तुंबलेली असायची. आमच्याकडे मराठी ड्रायव्हर ‘एअर पकडली’ म्हणतो, कानडी मिस्त्री ‘गाळी हिडदैति’ म्हणतो. दुखणं एकच.

तुमच्या गाडीला आहे तो मायकोचा इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला मापून, दाबाने डिझेल देणारा मोठा पंप. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी ऑटोनगरात आजही मायकोच म्हणतात. त्याच्या अंगाला चिकटलेला छोटा फीड पंप आतल्या कॅमवर चालतो. टाकीतून डिझेल ओढायचं आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाला द्यायचं, एवढंच त्याचं काम. ‘ओढायचं’ हा शब्द नीट लक्षात घ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकललं जात नाही, शोषलं जातं. म्हणून त्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. ‘मिस्त्री, कुठे थेंबसुद्धा नाही बघा,’ असं ड्रायव्हर छातीठोकपणे सांगतो, आणि गळती नेमकी तिथेच असते. सपाटीला डिझेल कमी लागतं, ती थोडी हवा खपून जाते. चढाला मागणी वाढते, ओढ वाढते, हवाही जास्त शिरते. गाडी दम टाकते.

आता कॅन. तो केबिनच्या मागे, पंपापेक्षा उंच आणि सायलेन्सरपासून लांब, दोरीने घट्ट बांधा. त्यात डिझेल भरा. टाकीची नळी सोडवून कॅनची नळी फीड पंपाला जोडा. रिटर्नची नळीसुद्धा कॅनमध्येच सोडा. हे लोक विसरतात. मग अर्धं डिझेल टाकीत परत जातं, कॅन बघता बघता रिकामा होतो आणि पंपालाच दोष लागतो. नळीतली एअर काढा आणि भरलेली गाडी एखाद्या चढावर न्या. हायवे नको, शेताकडचा रिकामा रस्ता बघा. कॅनवर गाडी दम न टाकता चढली, तर दोष टाकी ते पंप या वाटेतच आहे. टाकीतली चाळणी, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, चॅसिसला घासलेली नळी, नळी जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर, हाताने डिझेल चढवायच्या हँड प्रायमरचं रबर, या क्रमाने बघत जा. पावसाळ्यात खानापूरकडे फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या टाकीत झाकणावाटे पाणी शिरलेलं मी बऱ्याचदा काढलंय, तेही बघा. तांब्याचे वायसर दरवेळी नवे टाका. जुने तापवून परत वापरणारे आहेत. मी स्वतः वापरलेत, पण घाटात चालणाऱ्या गाडीला नाही.

कॅनवरही तशीच अडखळली, तर फीड पंपात किट, म्हणजे झिजणाऱ्या भागांचा नवा संच, टाकून घ्या. आत एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व्ह, बाकी काही नाही. इलेक्ट्रिक पंपाच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. मग फिल्टरच्या पुढे ० ते ४ बारचा दाब मोजणारा गेज बसवून एक खेप करा. गॅरेजमध्ये गाडी उभी ठेवून आलेला आकडा कामाचा नाही. भरलेल्या गाडीला, तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटर पूर्ण दाबल्यावर काटा कुठे आहे ते क्लीनरला बघायला सांगा. इनलाइन पंपाला साधारण १ ते १.५ बार मिळायला हवा. चढावर काटा अर्ध्या बारच्या खाली गेला, तर पंपाला खरंच डिझेल पुरत नाही. काटा जागचा हलला नाही आणि गाडी तरी दम टाकते, तर इलेक्ट्रिक पंप लावून काडीचा उपयोग नाही. नोझल, टायमिंग, एअर फिल्टर बघा.

एवढं सगळं करूनही पंप बसवायचाच असेल तर माझी हरकत नाही. चॅसिसवर टाकीजवळ, डिझेलच्या पातळीच्या खाली बसवलेला इलेक्ट्रिक पंप डिझेल ढकलतो. मग ती लांब नळी शोषणारी राहत नाही, दाबाखाली येते. हवा शिरायचं थांबतं, आणि जिथे चीर आहे तिथून डिझेल ठिबकायला लागतं. लोक घाबरतात, ‘पंप बसवला आणि गळायला लागलं’. अहो, आधीही गळतच होतं, उलट्या दिशेने. पण ताकद वाढेल म्हणून बसवू नका. पोट भरलेल्या माणसाला आणखी वाढलं म्हणून तो जास्त ओझं उचलत नाही.

आता तुमचे तिन्ही पंप. अमेरिकेचा आधी बाजूला करतो. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंत तिकडच्या डॉज रॅम गाड्यांत ५.९ लिटरच्या कमिन्सला व्हीपी-४४ नावाचा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप होता. रोटरी म्हणजे एकाच फिरत्या भागाने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणारा. तो डिझेलवरच थंड होतो. मागून पुरवठा कमी पडला की त्याला महागात पडतं, म्हणून तिकडे मोठे इलेक्ट्रिक पंप लावायची चाल पडली. तासाला ९५ गॅलन म्हणजे ३६० लिटर. तुमच्या गाडीला किती लागतं ते बघू. १३० हॉर्सपॉवर धरले तर ९५ किलोवॅट. पूर्ण ताकदीवर अशा इंजिनाला किलोवॅटमागे तासाला साधारण २२० ते २३० ग्रॅम डिझेल लागतं. म्हणजे २१-२२ किलो, लिटरमध्ये २५-२६. पंपाच्या गॅलरीतून, म्हणजे आतल्या डिझेलच्या वाटेतून, फिरून रिटर्नला जाणारं धरून तिप्पट-चौपट करा, तरी ऐंशी ते शंभर लिटर. तासाला १०० ते १५० लिटर देणारा पंप तुम्हाला पुरून उरतो. ३६० लिटरचा लावणं म्हणजे कपभर चहाला हंडाभर दूध.

पेट्रोल कारचा पंप? अजिबात नको. तो ३ बारच्या पुढचा असतो. शिवाय १२ व्होल्टचा आहे, म्हणून मिस्त्री दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून वायर ओढणार. मग एक बॅटरी उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन उकळते. वर्षात दोन्ही जातात.

या पंपाचा राग यायला मला कारण आहे. १९९९ मध्ये माझ्याकडे रोटरी पंपाचा एक टेम्पो आला, सकाळी स्टार्टिंगचा त्रास. कपाटात पेट्रोल कारचा पंप पडलेला होता, तो बसवून दिला. गाडी हाफ सेल्फला स्टार्ट. मी खूश, मालक खूश. तीन आठवड्यांनी ड्रायव्हर हसत आला, ‘मिस्त्री, गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढायलंय बघा!’ मी डिपस्टिक ओढून नाकाशी धरली आणि हात गार पडले. सगळा डिझेलचा वास. मागून आलेल्या जास्तीच्या दाबाने रोटरी पंपाच्या शाफ्टचं सील गेलं होतं आणि डिझेल टायमिंग केसमधून इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत होतं. पातळ ऑइलवर क्रँकची बेअरिंगं गेली. ते काम मी पदरचे पैसे घालून करून दिलं. तेव्हापासून कुठलाही पंप बसवला की महिनाभर रोज सकाळी डिपस्टिक बघायची, नुसती बघायची नाही, हुंगायची, असं गिऱ्हाइकाला सांगतो. तुमच्या इनलाइन गाडीतही फीड पंपाचा दांडा झिजला असेल तर डिझेल त्याच वाटेने ऑइलमध्ये जाऊ शकतं. म्हणून आधी किट, मग इलेक्ट्रिक.

उरला टकटकवाला. त्या जातीचे बरेच पंप अर्ध्या बारच्या आतबाहेर असतात. एकटा तो तुमच्या इंजिनाला पुरणार नाही, पण फीड पंप न काढता त्याच्या मागे जोडीला लावला तर उत्तम. ढकलायचं काम हा करेल, दाब जुना देईल. २४ व्होल्टचा आणि डिझेलसाठीचाच मागा. आणि दुकानातच, कोरा असताना, आत जाणाऱ्या तोंडातून फुंकून बघा. हवा पलीकडे गेली तर घ्या. उद्या घाटात तो बंद पडला तरी फीड पंप त्याच्यातून डिझेल ओढून घेईल. हवा अडली तर बाजूने बायपास नळी आणि एकदिशा व्हॉल्व्ह लागेल. ती कटकट नको असेल तर दुसरा बघा.

बसवताना पंपाच्या आधी जाड चाळणी आणि पाणी वेगळं करणारी वाटी. बारीक कागदी फिल्टर आधी लावायचा नाही, तो आहे तिथेच पुढे राहू दे. पंपाखाली रबर. नळी डिझेलला टिकणारी. १० अँपिअरचा फ्यूज, रिले, अडीच स्क्वेअर एमएमची वायर. अर्थिंग चॅसिसचा रंग खरवडून द्या. पंप चालू असताना त्याच्या टोकाशी व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून कमी आले तर वायरिंग परत करायला लावा.

सर्वांत महत्त्वाचं राहिलं. तुमची गाडी चावीने बंद होत नाही, स्टॉपची केबल ओढून बंद होते. चावी चालूच राहिली असे ड्रायव्हर मी शेकड्यांनी पाहिलेत. पंप सरळ चावीवर दिला तर तो रात्रभर टकटकत राहील, आणि अपघातात नळी तुटली तर तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल ओतत राहील. म्हणून ऑइल प्रेशर आलं तरच पंप चालला पाहिजे. डॅशबोर्डच्या ऑइल लाइटचा स्विच इथे सरळ जोडू नका. तो इंजिन बंद असताना जोडलेला असतो आणि प्रेशर आल्यावर तुटतो. आपल्याला नेमकं उलटं हवं. त्यासाठी वेगळा स्विच मिळतो, किंवा पाच पिनांचा रिले लावून इलेक्ट्रिशियन तेच काम उलटवून देतो. एअर काढण्यापुरतं एक दाबायचं बटण द्या. हात काढला की बंद होणारं हवं.

प्रश्न : माझ्या टेम्पोला रोज सकाळी हँड प्रायमर वीसपंचवीस वेळा मारावा लागतो, मग दिवसभर काही त्रास नाही. इलेक्ट्रिक पंप बसवू का?
– खानापूर

उत्तर : नको. रात्रीतून डिझेल टाकीत उतरतंय. फीड पंपाचा व्हॉल्व्ह आणि प्रायमरचं रबर बदला. गाडी तोंड चढाकडे करून लावत असाल तर आठवडाभर उताराकडे तोंड करून लावून बघा, फरक पडला तर माझं म्हणणं खरं. आणि प्रायमर मारून झाल्यावर त्याची मूठ घट्ट फिरवून बसवता का? न बसवणारे पुष्कळ.

प्रश्न : फीड पंप नवा टाकला, गाडी थोडी सुधारली. आता पंपाचा डिझेल वाढवायचा स्क्रू अर्धा फेरा वाढवून घेतला तर चालेल का?
– रायबाग

उत्तर : धूर बघा. अशा जुन्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ एचएसयूची मर्यादा आहे. एचएसयू म्हणजे धूर किती दाट त्याचं माप. टर्बो नसलेल्या इंजिनाला हवा तेवढीच मिळते, वाढवलेलं डिझेल काळं होऊन बाहेर पडतं आणि पिस्टन तापतं ते वेगळंच. सील तोडून स्क्रू फिरवणारा मिस्त्री पाच मिनिटांत मोकळा होतो. पंप बेंचवर चढवून सगळ्या नळ्यांचं माप सारखं करून घ्या. माझ्याकडे आलेल्या असल्या पंपांत एक नळी दुसरीपेक्षा कितीतरी कमी टाकत असायची. तेवढं सारखं झालं की स्क्रूची आठवणही येत नाही.