म्हैस पान्हा ‘चोरते’ म्हणजे काय करते?

देगलूरकडच्या एका ताईंनी विचारलंय : ‘आमच्या घरी "आज म्हशीनं पान्हा चोरला" असं सर्रास म्हणतात. उदगीरला जनावरांची डॉक्टरकी शिकणारा माझा मुलगा म्हणतो, चोरायला डोकं लागतं, डाव लागतो. म्हशीला कुठला आलाय डाव? मग हा प्रयोग चुकीचा का? आणि पान्हा चोरणं, आटणं एकच का?’

ताई, प्रयोग बरोबर आहे. घोळ ‘चोरणे’चा आहे. अंग चोरून बसलेला पाहुणा कुणाचं काय नेतो? नजर चोरणारा तरी कुणाची नजर पळवतो? जे आपलंच आहे ते आखडून घ्यायचं, पुढं करायचं नाही, एवढाच तिथं अर्थ. पान्हाही म्हशीचा स्वतःचाच. चोरी झाल्यासारखं वाटतं ते चरवी घेऊन बसलेल्याला. (मुळात दूध पारडाचं. खरा चोर कोण, ते आपण विचारत नाही!)

बाकीचं तुमचा मुलगाच सांगेल. कासेत दूध असलं तरी ते आपोआप सडात उतरत नाही. पारडानं ढुशा दिल्या, ओळखीचा हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, रक्तातून कासेत पोचतं आणि तिथल्या बारीक पेशी आवळून दूध खाली ढकलतात. जनावर बिथरलं की हे सुटणंच अडतं. त्यात म्हशीच्या सडावरच्या पोकळीत दूध थोडंच साठतं, म्हणून तिचा नकार गाईपेक्षा लवकर कळतो.

आमची आजी तापानं पडली तेव्हा काका तिचं लुगडं गुंडाळून धारेला बसले होते. आंबोण पुढं ठेवलं, पारडू सोडलं, सड तट्ट फुगले. काकांनी पारडू ओढून बांधलं आणि हात लावला मात्र, म्हशीनं मान वळवून हुंगलं, शेपटीचा एक फटका दिला, आणि चरवीत चार धारांवर पाचवी पडली नाही. याला मी डाव म्हणणार नाही. पण लुगडं कुणाचं आणि हात कुणाचा, हे तिला कळत होतं.

पान्हा हा शब्द संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’ असा आलाय. मूळ अर्थ नुसता झरणं, पाझरणं. माया त्याला वापरानं चिकटली. बाळ रडलं की बाईलाही पान्हाच फुटतो, आणि तिथंही काम ऑक्सिटोसिनचंच.

डावच बघायचा असेल तर ‘ओढाळ’ शब्द घ्या. राखणदाराची पाठ फिरेपर्यंत साळसूदपणे बांधावरचं गवत खाणारी आणि मग थेट ज्वारीत शिरणारी गाय. तिच्या गळ्यात लोढणं अडकवणाऱ्यांनी तिची अक्कल कधीच मान्य केली होती.

चोरणं आणि आटणं मात्र एक नव्हे. आटलेली म्हैस पुढच्या वेतापर्यंत भाकड. चोरलेला पान्हा संध्याकाळी आजी उठून बसली की परत मिळतो.